शॉन लमॅस : बंदूक खाली ठेवल्यानंतरची गोष्ट

लिफीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डब्लिनला येऊन मला नऊ वर्षं झाली. संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना मी कॅपल स्ट्रीटवरून चालत जातो. २०२२ पासून तिथे गाड्या बंद आहेत. रस्त्यात खुर्च्या मांडलेल्या असतात आणि कोरियन, ब्राझिलियन, आपल्याकडचे असे सगळ्या प्रकारचे वास येत असतात. शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावर लमॅस कुटुंबाचं टोप्यांचं आणि पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. त्या दुकानदाराचा मुलगा सोळाव्या वर्षी बंदूक घेऊन बंडात उतरला आणि एकोणसाठाव्या वर्षी देशाचा पंतप्रधान झाला. इथे त्या पदाला 'टीशॉक' म्हणतात.

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे तिथल्या पुढाऱ्यांपैकी डी व्हॅलेराचं नाव येतं, फार तर मायकेल कॉलिन्सचं. शॉन लमॅसबद्दल मराठीत मला काही वाचल्याचं आठवत नाही. म्हणून हा धागा.

जन्म १५ जुलै १८९९. पंधराव्या वर्षी तो 'आयरिश व्हॉलंटियर्स' या सशस्त्र स्वयंसेवकांच्या संघटनेमध्ये, डी व्हॅलेराच्या बटालियनमध्ये भरती झाला. अंगाने थोराड होता, त्यामुळे वय लपून गेलं.

पुढचा प्रसंग लिहिताना मी दोनदा थांबलो. जानेवारी १९१६. घरात रिव्हॉल्व्हर होतं. शॉन ते हाताळत असताना गोळी सुटली आणि धाकटा भाऊ हर्बर्ट जागीच गेला. हर्बर्टला दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

यानंतर तीन महिन्यांत डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. ज्या घरात नुकतंच पिस्तुलाने तान्हं मूल गेलंय, त्या घरातली दोन मुलं पुन्हा बंदूक हातात घेतात, आणि आईबाप ते बघतात. त्या घरात त्या तीन महिन्यांत काय बोलणं झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

उठावाच्या आदल्या दिवशी संघटनेचे प्रमुख इओन मॅकनील यांनी कवायती रद्द केल्याचा आदेश काढला होता. त्यामुळे सोमवारी, २४ एप्रिलला, शॉन आणि थोरला भाऊ नोएल मित्रांबरोबर डब्लिनच्या डोंगरांत फिरायला गेले. परतताना त्यांना मॅकनीलच भेटले, मुलांसह. त्यांच्याकडून कळलं की शहरात उठाव सुरू झालाय. मंगळवारी शॉन जनरल पोस्ट ऑफिसपाशी पोचला. पहाऱ्यावर ओळखीचा माणूस होता, त्याने आत घेतलं. हातात शॉटगन देऊन त्याला छपरावर बसवलं. शुक्रवारी इमारत पेटली तेव्हा बाकीच्यांबरोबर तो मूर स्ट्रीटच्या घरांमध्ये सरकला. शनिवारी, २९ एप्रिलला, उठावाचा पुढारी पॅट्रिक पिअर्स याने शरणागती पत्करली. पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. शॉनला महिनाभर रिचमंड बराकीत ठेवलं आणि वय लहान म्हणून सोडून दिलं.

वडिलांची इच्छा होती की त्याने बॅरिस्टर व्हावं. थोडे दिवस तो दुकानात बसलाही. पण १९१९ पासून इंग्रजांशी गनिमी लढाई सुरू झाली आणि तो पुन्हा त्यात गेला. डिसेंबर १९२० मध्ये पकडला गेला आणि वर्षभर बॅलीकिन्लरच्या छावणीत राहिला.

डिसेंबर १९२१ मध्ये इंग्रजांशी तह झाला आणि त्या तहाने घराघरात फूट पडली. देशाच्या मोठ्या भागाला स्वतःचं सरकार मिळणार होतं, पण इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती, आणि उत्तरेचा भाग वेगळा राहणार होता. कॉलिन्स तहाच्या बाजूने, डी व्हॅलेरा विरोधात. लमॅस विरोधात. यादवी पेटली. जून १९२२ मध्ये नव्या सरकारच्या तोफांनी फोर कोर्ट्सवर, म्हणजे तहविरोधकांनी ताब्यात घेतलेल्या डब्लिनच्या न्यायालयांच्या इमारतीवर, मारा केला तेव्हा तो आत होता. शरण आल्यावर कैद्यांना जेमसनच्या दारूभट्टीच्या आवारात ठेवलं होतं, तिथून निसटला. डिसेंबरात पुन्हा पकडला गेला.

१९२३ च्या मे महिन्यात यादवी संपली. जुलैमध्ये नोएलला डब्लिनच्या रस्त्यावरून भरदिवसा उचलून नेलं. तीन महिने पत्ता नाही. ऑक्टोबरमध्ये डोंगरात, दलदलीच्या माळावर त्याचं प्रेत सापडलं. संशयाचं बोट सरकारी माणसांकडे होतं, शिक्षा कुणालाही झाली नाही. शॉन तेव्हा कैदेत होता. भावाचं प्रेत सापडल्यावर त्याला सोडलं.

तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. इथवरची गोष्ट सूडाची ठरली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पुढे काय झालं ते प्रतिसादांत लिहितो. पोस्ट आधीच लांबली आहे.

---

सावली

वाचून सुन्न झाले. हर्बर्टबद्दल त्याने पुढे कधी काही लिहिलं किंवा बोलला का?

---

लिफीकाठ

सावलीताई, नाही. हर्बर्टबद्दल नाही, नोएलबद्दल नाही, स्वतःच्या बंदुकीबद्दलही नाही. मला या माणसाने धरून ठेवलंय ते इथेच.

२१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना त्यांच्या राहत्या घरांत, काहींना अंथरुणातच, गोळ्या घातल्या. त्याच दुपारी ब्रिटिश फौजांनी क्रोक पार्कच्या मैदानात प्रेक्षकांवर गोळीबार केला. सकाळच्या तुकड्यांत लमॅस होता, असं त्याचे बहुतेक चरित्रकार मानतात. पुढे कुणीतरी त्याला त्याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, 'गोळ्या घालणाऱ्या पथकांची स्नेहसंमेलनं होत नसतात.' या एका वाक्यावर विषय संपला.

त्याच्या पिढीच्या कित्येक पुढाऱ्यांनी त्या चार-पाच वर्षांवर आयुष्यभर मतं मागितली. याने तो हिशेब कधी मांडला नाही.

---

जुना_वाटसरू

उत्तम धागा. एक भर घालतो. लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली तीही एप्रिल १९१६ मध्येच, म्हणजे डब्लिनमध्ये हे चाललं होतं त्याच महिन्यात. आणि 'होमरूल' हा शब्द आपल्याकडे आला तो आयर्लंडच्याच राजकारणातून. तिकडची जुनी पिढी ज्या सनदशीर मागणीवर थांबली होती, तिच्या पलीकडे तिथली तरुण मुलं गेली, नेमक्या त्याच वेळी आपण तो शब्द हाती घेतला. माझे आजोबा 'केसरी'ची जुनी कात्रणं जपून ठेवत, त्यांच्या तोंडी डी व्हॅलेराचं नाव असे. लमॅसचं मात्र मीही आज पहिल्यांदा ऐकतोय.

पुढचा भाग लवकर येऊ द्या.

---

लिफीकाठ

वाटसरूकाका, बेळगावचा संदर्भ माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

तर पुढे.

नोव्हेंबर १९२४ मध्ये लमॅस पोटनिवडणुकीत तहविरोधी शिन फेन पक्षाकडून निवडून आला. पण शपथ नको म्हणून ही मंडळी संसदेत, म्हणजे 'डॉइल'मध्ये, पाऊलच ठेवत नव्हती. निवडून यायचं आणि बाहेर बसायचं. लमॅसला हे पटेना. लोकांना कामधंदा नाही, पोरं बोटीने इंग्लंड-अमेरिकेला चाललीत आणि आपण तत्त्व कुरवाळत बसलोय, असं त्याचं म्हणणं. त्याने डी व्हॅलेराला नवा पक्ष काढायला लावला. १९२६ च्या मे महिन्यात 'फिआना फॉल' उभा राहिला तो फार करून लमॅसच्या पायपिटीवर. गावोगाव जायचं, जुने लढवय्ये हुडकायचे, त्यांना शाखा काढायला सांगायचं.

जुलै १९२७ मध्ये सरकारातले मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांचा खून झाला. सरकारने कायदा आणला की उमेदवाराने निवडून आल्यावर शपथ घेण्याची आधीच हमी द्यायची. ऑगस्टमध्ये डी व्हॅलेराने बायबल बाजूला सारलं, 'ही शपथ नाही, नुसती सही आहे' असं म्हणत वहीत नाव लिहिलं आणि सगळे आत गेले. समोरच्या बाकांवर तेच लोक, ज्यांच्या राजवटीत नोएल मारला गेला. १९२८ मध्ये लमॅस सभागृहात म्हणाला होता की आमचा पक्ष 'किंचित घटनात्मक' आहे. तो शब्दप्रयोग इथे आजही लोकांच्या तोंडी आहे. चारच वर्षांनी, १९३२ मध्ये, तो पक्ष निवडणूक जिंकला. यादवीत जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या हातात मुकाट्याने सत्ता दिली, याबद्दल मला त्या दुसऱ्या बाजूचंही फार कौतुक वाटतं.

बत्तिसाव्या वर्षी लमॅस उद्योग आणि व्यापार मंत्री झाला आणि मधली काही वर्षं सोडली तर १९५९ पर्यंत ते खातं त्याच्याकडेच राहिलं. साखर कारखाने, १९३६ ला एअर लिंगस ही विमान कंपनी, युद्धात १९४१ ला स्वतःची जहाज कंपनी, पुढे 'बोर्ड ना मोना'. हे शेवटचं म्हणजे दलदलीतलं पीट, म्हणजे जळणाची माती, यंत्राने कापून त्यावर चुली आणि वीजघरं चालवायची.

ज्या माळावर नोएलचं प्रेत सापडलं तो असाच पीटचा माळ. मी गेल्या ऑक्टोबरात तिथे जाऊन आलो. शहरापासून गाडीने अर्धा-पाऊण तास. रस्त्याच्या कडेला दगडी स्मारक आहे, आजूबाजूला एकही घर नाही. पायाखाली जमीन स्पंजसारखी दबते आणि बुटाच्या खुणेत लगेच चहाच्या रंगाचं पाणी भरतं. वारा इतका की फोन हातात धरवेना. मी दहा मिनिटं उभा राहिलो, तेवढ्यात एकच सायकलवाला गेला.

---

गोदावरी_नाशिक

चहाच्या रंगावरून आठवलं. युद्धकाळात आयर्लंडमध्ये चहाचं रेशन माणशी आठवड्याला अर्धा औंस होतं असं वाचलं होतं. ते यांच्याच खात्याचं का?

---

लिफीकाठ

हो, अगदी. १९३९ ते ४५ तो पुरवठामंत्रीही होता. आयर्लंड युद्धात तटस्थ होतं, पण माल यायचा ब्रिटिश जहाजांतून, आणि चर्चिलने हात आखडता घेतला. इंग्लंडमध्ये माणशी दोन औंस आणि इथे अर्धा. लोकांनी लमॅसचं नावच 'अर्धा औंस' ठेवलं होतं. गॅसही ठराविक वेळच. बाकीच्या वेळी नळीत उरलेल्या गॅसवर कुणी चहा उकळतंय का हे बघायला माणसं घरोघर फिरायची, शेगडीला हात लावून गरम आहे का तपासायची.

---

गोदावरी_नाशिक

आत्ता उठून काट्यावर मोजलं. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. आमच्या डब्यातल्या छोट्या चमच्याने सहा चमचे झाले, सातवा अर्धवट. आमच्याकडे सकाळच्या एका आधणाला चार जातात! आठवडाभर सहा चमच्यांवर काढायचा आणि तरी त्या मंत्र्याला पुन्हा निवडून द्यायचं, म्हणजे लोकांचा विश्वास असला पाहिजे.

---

कोरडवाहू

मला थोडी दुसरी बाजू मांडायची आहे. धागाकर्त्याचं प्रेम समजतं, पण लमॅसने १९३० च्या दशकात जकातीच्या भिंती उभारून जे कारखाने वाढवले, त्यांतले बरेच आतून पोकळ होते. बाजार छोटा, स्पर्धा नाही, माल महाग. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली. १९६१ च्या शिरगणतीत लोकसंख्या २८ लाख १८ हजार भरली, त्या राज्याच्या इतिहासात सर्वांत कमी. त्या दशकात पक्ष सत्तेत असताना तो मंत्रिमंडळात दोन नंबरला होता. जबाबदारी त्याचीही नाही का?

---

निर्मोही

कोरडवाहूंशी सहमत, आणि आणखी एक. १९३५ चा त्याचा कामगार कायदा. त्यात कामाचे तास ठरवले, पगारी सुट्टी दिली, हे चांगलंच. पण त्याच कायद्यात मंत्र्याला अधिकार होता की एखाद्या उद्योगात बायकांना काम करायला बंदी घालायची किंवा त्यांची संख्या बांधून द्यायची. पुरुषांच्या नोकऱ्या वाचवायला. लुई बेनेट यांच्या स्त्री-कामगार संघटनेने कडाडून विरोध केला, कुणी ऐकलं नाही. १९१६ च्या उठावाच्या जाहीरनाम्याची पहिली हाक 'आयरिश स्त्री-पुरुषहो' अशी होती. त्याच पोस्ट ऑफिसात बायका जखमींना सांभाळत, निरोप पोचवत होत्या. हे विसरून नुसतं कौतुक नको.

---

लिफीकाठ

निर्मोही, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मुख्य लेखात ते यायला हवं होतं, मी टाळलं ही माझी चूक. १९३५ चं ते कलम अन्यायाचंच होतं आणि लमॅसने त्याचं समर्थन केलं होतं.

कोरडवाहू, जबाबदारी त्याची होतीच. फरक इतकाच की स्वतः बांधलेली भिंत त्याने स्वतःच्या हाताने पाडली. जून १९५९ मध्ये डी व्हॅलेरा राष्ट्रपती झाला आणि लमॅस टीशॉक. अर्थखात्याचा सचिव टी. के. व्हिटेकर याने आदल्याच वर्षी एक आराखडा लिहिला होता: जकाती उतरवा, परदेशी भांडवल येऊ द्या, निर्यात वाढवा. पंचवीसेक वर्षं ज्याने उलटं केलं, त्या मंत्र्याने तो आराखडा उचलून धरला. ठरवलं होतं वर्षाला दोन टक्के वाढ, झाली चार टक्क्यांच्या आसपास. जुलै १९६१ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेशासाठी अर्ज केला. साठीत आल्यावर, आपण जन्मभर केलं ते आता चालणार नाही, हे ओळखणं आणि आपल्याच माणसांना तसं सांगणं मला फार अवघड काम वाटतं.

---

अंधेरी_लोकल

शॅननचा मुक्त क्षेत्राचा प्रयोग याच काळातला ना? विमानतळाशेजारी जकातमुक्त पट्टा, १९५९. मी मुंबईच्या सीप्झमध्ये, म्हणजे तशाच निर्यात क्षेत्रात, अकरा वर्षं काम केलं. फाटकावर रोज डबा उघडून दाखवावा लागे, मग आत जकातमुक्त प्रदेश. कांडला १९६५ आणि आमचं सीप्झ १९७३. शॅनन आमच्या आधीचं आहे हे तिथल्या एका जुन्या साहेबाने सांगितलं होतं, पण त्यामागचा माणूस आज कळला.

---

मालवणचो_झील

मी वरड गावच्या शेजारचा. लिओ वराडकर टीशॉक झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते गावात येऊन गेले तेव्हा मी गर्दीत होतो. ते या लमॅसच्याच पक्षाचे का?

---

लिफीकाठ

नाही दादा, बरोबर समोरच्या. वराडकरांचा पक्ष 'फिने गेल', म्हणजे १९२२ ला ज्यांनी तह मान्य केला त्यांची परंपरा. हे दोन पक्ष शंभर वर्षं एकमेकांसमोर उभे होते. इथली म्हातारी माणसं अजून सांगतात की अमुक घराण्यात तमुक पक्षाच्या घरची सून आणत नसत. जून २०२० मध्ये हे दोघे पहिल्यांदा एकत्र सरकारात बसले. पहिली अडीच वर्षं फिआना फॉलचे मिहॉल मार्टिन टीशॉक, नंतर वराडकर. मालवणकडच्या वराडकरांच्या मुलाला लमॅसच्या पक्षाने हाताला धरून खुर्चीवर बसवलं, असंच म्हणा.

---

सावली

आणि उत्तरेचं काय झालं? तहावरून जी फूट पडली तिच्यात फाळणीही होती ना?

---

लिफीकाठ

सावलीताई, त्यासाठीच तर हा धागा काढला.

१४ जानेवारी १९६५. सकाळी लमॅस आणि व्हिटेकर गाडीने उत्तरेकडे निघाले. मंत्रिमंडळातल्या मोजक्यांनाच माहीत होतं. उत्तरेचा भाग ब्रिटनमध्येच राहिला होता, तिथे वेगळं सरकार होतं. त्याआधीच्या चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या पंतप्रधानांनी एकमेकांच्या दारात असं पाऊल टाकलं नव्हतं. उत्तरेचं सरकार आपण मानतच नाही, हे लमॅसच्या पक्षाचं जन्मापासूनचं धोरण. त्याला तिथे भेटायला जाणं म्हणजे ते मानणंच. तरी तो गेला.

स्टॉरमाँटला, म्हणजे उत्तरेच्या सरकारच्या ठिकाणी, तिथला पंतप्रधान टेरेन्स ओनील दारात उभा होता. तो बंगलेवाल्या सरदार घराण्यातला, माजी आयरिश गार्ड्स अधिकारी, आणि हा पोस्ट ऑफिसच्या छपरावरचा पोरगा. ओनीलने आठवणींत लिहिलंय की त्याने स्वागत केलं तरी पाहुणा गप्पच होता. हात धुवायच्या खोलीत दोघंच असताना लमॅस एकदम म्हणाला, 'यावरून माझी चांगलीच अडचण होणार आहे.' ओनील म्हणाला, 'नाही, अडचण होणार ती माझी.' आणि ओनीलचंच खरं ठरलं. त्याच्याच माणसांनी चार वर्षांत त्याला पायउतार केलं.

भेटीत बोलणी काय झाली? पर्यटन, वीज, व्यापार. फाळणी, राजा, शपथ यांतला एकही शब्द नाही. लमॅसचं गप्प राहणं मला इथे समजलं. जो माणूस चाळीस वर्षं स्वतःच्या जखमा दाखवत फिरला नाही, त्यालाच त्या दारातून आत जाता आलं.

नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याने स्वतःहून पद सोडलं. मे १९७१ मध्ये गेला. तोवर उत्तरेत पुन्हा बंदुका निघाल्या होत्या.

---

पाटण_खोरे

पहिल्यापासून वाचतोय, आता लिहितो. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात. कुत-अल-अमाराला ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे हत्यारं टाकली, त्यात ते कैदी झाले. धाग्यातली तारीख बघून चमकलो: २९ एप्रिल १९१६. डब्लिनमध्ये पिअर्स शरण आला तो दिवस आणि पणजोबांच्या शरणागतीचा दिवस एकच.

पणजोबा परत आले, पण घरात त्यांच्याबद्दल फार बोलत नसत. स्वातंत्र्याच्या चळवळीत आमच्या गावाने मोठा भाग घेतला, पत्री सरकारची माणसं आमच्या माळ्यावर राहून गेली. त्या घरात 'साहेबाच्या फौजेत होते' हे कोण अभिमानाने सांगणार? एक पदक आहे, आजीने ते धान्याच्या कणगीत टाकून ठेवलं होतं.

आयर्लंडमधल्या अशा लोकांबद्दल लमॅस काही बोलला का?

---

लिफीकाठ

बोलला. आणि जे बोलला ते नेमकं १९६६ मध्ये, उठावाच्या पन्नासाव्या वर्षी.

पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश माणसं ब्रिटिश सैन्यात होती. पोस्ट ऑफिस जळत होतं तेव्हा डब्लिनच्या हजारो घरांतली मुलं फ्रान्सच्या खंदकांत होती. परत आली तेव्हा देश बदलला होता आणि त्यांना कुणी विचारेना. लमॅसने त्या वर्षी भाषणात सांगितलं की त्या सैनिकांच्या हेतूंवर शंका घेण्याची पुढे रीतच पडली, आणि तो दोष माझाही आहे. तेही उदात्त हेतूनेच गेले होते, असं तो म्हणाला. उठावात लढलेल्या माणसाने, उठावाच्या सोहळ्याच्या वर्षी. मी पुन्हा पुन्हा वाचलंय ते.

इथे आयलंडब्रिजला त्या सैनिकांची बाग आहे, दिल्ली बांधणाऱ्या लट्यन्सनेच आखलेली. कित्येक वर्षं ती ओसाड होती, गवत माजलं होतं. आता नीट ठेवलीय.

पाटणकर, तुमच्याकडचं पदक चांदीचं असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. मऊ फडक्याने हळू पुसून, तिरप्या उजेडात बघा. पॉलिश लावू नका.

---

पाटण_खोरे

आत्ता आईला कणगीजवळच्या पेटीतून काढायला लावलं, फोनवरून दाखवत होती. नाव झिजलंय, पहिलं अक्षर तेवढं लागतं. पलटणीचा आकडा मात्र स्पष्ट आहे. ११७.